नाटकाऐवजी शिलाई मशीन

लग्नाआधी मी नाटकात कामं करायचे. रत्नागिरीतलंच आमचं हौशी मंडळ. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणाची आंब्याची कलमं. संध्याकाळी ऑफिसं सुटली की एका शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून तालमी चालायच्या. माझा नवरा त्याच मंडळातला. दोन नाटकांत आम्ही नायक-नायिका होतो आणि तिसऱ्याच्या तालमी चालू असताना आमचं लग्न ठरलं. १९९८ साल ते. लोक म्हणायचे, जोडी स्टेजवरच जमली. मलाही ते ऐकायला गोड वाटायचं. तोपर्यंत मी त्याला अरे-तुरे करत असे. लग्न होऊन मांडवीला त्याच्या घरात आले आणि चारचौघांत 'अहो' म्हणायला लागले.

लग्नानंतर तालमी पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी मी वेणी घालून, चपला घालून दारात उभी राहिले. तो म्हणाला, "तू नको येऊस."

"का?"

"आईला चालणार नाही."

"त्या म्हणाल्या तसं?"

"म्हणाली. सून तोंडाला रंग लावून स्टेजवर उभी राहिलेली तिला नको आहे. आणि तू तिला विचारत बसू नकोस. उगाच वाईट वाटेल तिला."

मी चपला काढल्या. सासूबाई तेव्हा मागीलदारी फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या मुळातच कमी बोलायच्या. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले, तर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताट माझ्याकडे थोडं सरकवलं. त्या गप्प बसण्याचा मी त्या दिवशी एक अर्थ लावला आणि पुढे कितीतरी वर्षं तोच धरून राहिले. तिसऱ्या नाटकातली माझी भूमिका दुसऱ्या मुलीने केली. मी पाहायला गेले होते. चांगली केली नाही तिने, पण तिच्या जागी मी नव्हते, एवढंच काय ते मला दिसत होतं.

माझा चेहरा उतरलेला त्यालाही दिसत असणार. त्या दिवाळीला त्याने तोडगा काढला. "तुला शिवण येतं. मंडळाचे कपडे तू शीव. नाटकाच्या जवळ राहशील. मशीन घेऊ आपण." दहावीनंतर मी शिवणाचा क्लास केला होता, ते त्याच्या लक्षात होतं. मला आनंद झाला नाही. पण काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं खरं.

बाजारातल्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा मी पिशवीत चिंध्या घेऊन गेले होते. मखमलीचा तुकडा, कॉलरीत घालतात ते बकरम, जुन्या शालूचा जरीकाठ आणि थोडी मच्छरदाणीची जाळी. ब्लाउज आणि परकर कुठलंही मशीन शिवतं. नाटकाच्या कपड्यात हे सगळं एकावर एक येतं, हे मला माहीत होतं, कारण असे कपडे मी अंगावर घातले होते आणि ऐन प्रवेशात ते काखेत उसवलेलेही मी अनुभवले होते.

दुकानदाराने आधी एक नवं मशीन काढलं. मोतिया रंगाचं, त्यावर फुलं, खाली मोटार. "ताई, ह्यात वेलबुट्टीची डिझाइनंसुद्धा आहेत." नवऱ्याला ते एकदम आवडलं. मी मखमलीखाली बकरम धरलं, वर जरीकाठ ठेवला आणि सुईखाली सरकवलं. मोटार गुरगुरली. सुई जरीत अडकली. खालचं बकरम जागेवर राहिलं आणि मखमल पुढे सरकत गेली, कडेला चोळामोळा झाला.

"हे असलं कोण शिवतं घरी?" दुकानदार म्हणाला.

"मी शिवणार आहे," मी म्हटलं. "ते काळं दाखवा."

कोपऱ्यात एक जुनं पायमशीन होतं. मुंबईला गेलेल्या कुणा टेलरने विकलेलं. दुकानदाराने ते दुरुस्त करून ठेवलं होतं, पण काढायला तयार नव्हता. मी पायडलवर पाय न ठेवता आधी चाक हाताने हळूहळू फिरवलं. सुई तिन्ही थरांतून खाली गेली, वर आली, टाका सरळ पडला. मग पायाने चालवलं. आवाज मोठा होता, पण मखमल सरकली नाही. जाळी लावून बघितली, तीही गोळा झाली नाही.

"दिसायला बघ ना," नवरा हळूच म्हणाला. "घरात ठेवायचंय."

"मला त्याच्यावर काम करायचंय. आणि पावसात मांडवीला वीज किती वेळ असते? मोटार घेऊन मी काय करू?"

दुकानदार हसला आणि म्हणाला, "घेऊन टाका साहेब, त्या ऐकायच्या नाहीत." मशीनचा वरचा भाग मांडीवर घेऊन मी रिक्षातून घरी आले. पाठीमागून टेम्पोतून खालचा सांगाडा आला. लग्नानंतर माझ्या मनासारखी झालेली ती पहिली गोष्ट. दुसरी आठवायला मला वेळ लागेल.

काम मात्र मी मन लावून शिकले. नाटकाचा कपडा लांबून बघायचा असतो. जवळून जो शालू वाटतो तो दिव्यांखाली चिंधीसारखा दिसतो, आणि पडद्याच्या स्वस्त कापडाचा अंगरखा पंधराव्या रांगेतून राजाचा वाटतो. पिवळा रंग उजेडात मरतो. तलवार उचलणाऱ्याची बाही काखेत सैल ठेवावी लागते. शिलाईच्या आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडावी लागते, कारण आजचा सेनापती पुढच्या वर्षी दुसराच कुणी जाडजूड गृहस्थ असतो. जड कमरपट्ट्यांना साधा दोरा टिकत नसे. मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासेमारीची जाळी विणायचा नायलॉनचा दोरा मी आणायचे आणि पट्टे हाताने त्यानेच ओवायचे. समुद्र जवळ, त्यामुळे लोखंडाला बघता बघता गंज चढतो. मशीन रोज पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे. पावसाळ्यात मखमलीला बुरशी येई, ती चुलीच्या उबेला धरून झटकायची.

दोन-तीन वर्षांत तालमी आमच्याच पडवीत व्हायला लागल्या. मी आत माजघरात मशीनवर. पडवीतून हाक यायची, "अगं, थांबव जरा ते. संवाद ऐकू येत नाहीत." मग मी पाय थांबवायचे आणि ऐकत बसायचे. सगळ्या भूमिका मला पाठ होत. कोण कुठे घाई करतंय, कुणाचा शब्द पडतोय, हे मला आत बसून कळायचं. एक-दोनदा जेवताना मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "तू कपड्यांचं बघ."

आमची मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी मंडळाने स्पर्धेसाठी एका राणीचं नाटक घेतलं. राणीचं काम एका तरुण शिक्षिकेकडे होतं. नाटकात एक अवघड जागा होती. राजा पडल्याची बातमी येते, दिवे जातात, आणि परत येतात तेव्हा राणी भरजरी शालूतून पांढऱ्या लुगड्यात आलेली असते. मधे वेळ जेमतेम दोन श्वासांचा. मी शालूची नऊवारी शिवूनच टाकली, काष्टा नुसता मागून दिसण्यापुरता, एका अंगाला उघडी. पांढरं लुगडं आत नेसलेलंच. वरचा शालू ओढला की सुटला पाहिजे. आधी मी त्याला वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. तालमीत ओढली तर फाडल्यासारखा आवाज झाला आणि सगळे हसले. राजा मेल्यावर हसू आलं तर नाटक संपलंच. मग ती सगळी उसवून टिचबटणं लावली, थोड्या थोड्या अंतरावर, जरीकाठाच्या खाली लपवून. ते जमलं. शिक्षिका अंधारात एक हात फिरवायची आणि शालू पायाशी पडायचा. मीच घरात आधी नेसून, दार लावून, पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. राणीचे शब्द म्हणतच पाहिलं होतं.

प्रयोग चार-पाच दिवसांवर आला आणि त्या शिक्षिकेला कावीळ झाली. मंडळी आमच्या पडवीत जमली. सासूबाई तेव्हा घरी नव्हत्या, नणंदेच्या बाळंतपणासाठी चिपळूणला गेल्या होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मंडळाचे अध्यक्ष, वयस्कर बागायतदार होते ते, माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, एवढी काळजी कशाला? वहिनींना सगळं पाठ असेल की. काम तर त्या करतच होत्या आधी."

"पाठ आहे," मी म्हटलं. मी ट्रे खाली ठेवला.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो अध्यक्षांना म्हणाला, "आईला चालणार नाही. आणि त्यात ती घरी नाही. तिच्या माघारी मी असलं काही करणार नाही."

सासूचा शब्द मोडायला कोण सांगणार? सगळ्यांनी चहा घेतला. मग कुणीतरी कॉलेजातल्या एका मुलीचं नाव काढलं.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उंच आणि काटकुळी. मी आत सोडलेली माया उसवून शालूची उंची वाढवली, कमरेत घेतलं, टिचबटणं सरकवली. ती स्टुलावर उभी, हातात संवादाचे कागद, आणि मी खाली बसून तोंडात टाचण्या धरून तिला वाक्यं सांगत होते. कुठे थांबायचं, कुठे बघायचं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही किती छान म्हणता हो! तुम्हीच का नाही करत?" मी तेव्हा तिशीचीही नव्हते. मी म्हटलं, "सरळ उभी राहा, टाचणी लागेल."

प्रयोगाला मी विंगेत उभी होते. प्रॉम्प्टिंग माझ्याकडेच आलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला इतकं पाठ नव्हतं. बातमी आली, दिवे गेले, शालू पडला, दिवे आले. पांढऱ्या लुगड्यातली ती पोर दरबारासमोर उभी राहिली आणि गप्प झाली. मी वाक्य हळू सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली, डोळ्यांत पाणी. समोर माझा नवरा प्रधान होऊन उभा, त्याचाही चेहरा पांढरा पडलेला. तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. सांगितलं नाही, जसं म्हणायला हवं होतं तसं म्हटलं. सभागृह चिडीचूप झालं. मग पोरीने तोंड उघडलं आणि पुढचं सगळं धडाधड म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या.

रंगपटात तो माझ्यावर चिडला. "पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"हळू सांगायचं. प्रॉम्प्टरचं काम तेच असतं."

नाटकाला बक्षीस मिळालं, दिग्दर्शनाचंही मिळालं, म्हणजे त्याला. नंतर मंडळाने सत्कार केला तेव्हा त्याने आईच्या आशीर्वादाचे आभार मानले आणि पत्नीच्या मोलाच्या साथीचे. अध्यक्षांनी मला नारळ दिला. चार माणसांत मी हसून उभी राहिले. घरी आल्यावर नारळ फोडला आणि सोलकढी केली, नाहीतर त्याचं काय करणार?

त्यानंतर मी बाहेरचंही काम घ्यायला लागले. शाळांची स्नेहसंमेलनं असत. आसपासच्या गावांतली नमनाच्या लोकनाट्याची मंडळं येत, त्यांना गौळणींचे घागरे हवे असत. घागरे घालायचे पुरुषांनी, त्यामुळे कमरेची आणि खांद्याची मापं वेगळीच. त्या लोकांशी माझं जमायचं. शिवलेला घागरा अंगावर चढवून ते तिथल्या तिथे एक गिरकी घ्यायचे आणि म्हणायचे, "वैनी, झकास."

पुढे काही वर्षांनी सासूबाई मागीलदारी घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या उठल्या नाहीत. वारा लागावा म्हणून त्यांची खाट पडवीत टाकली होती, तालमी पुन्हा शाळेच्या वर्गात गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून मी मशीन पडवीत आणलं. त्या पडल्या पडल्या माझे हात बघत राहायच्या. एका दुपारी मी घागऱ्याला लेस लावत होते.

"अगो, हा कोणाचा?"

"नमनातल्या गौळणीचा."

मग त्या म्हणाल्या, "तू का सोडलंस गो नाटक?"

माझा पाय थांबला. मला वाटलं, त्यांना दुखण्यात भ्रम झाला असेल. मी म्हटलं, "तुम्हाला चालणार नव्हतं ना."

"मला?" त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "मला कोणी विचारलंन? तो म्हणाला, तिलाच आता नको झालंय. घर बघायचंय म्हणते. मी म्हटलं, असो, तिची मर्जी."

मी उठून त्यांच्या खाटेजवळ गेले. त्या वर आढ्याकडे बघत बोलत होत्या.

"तुमचं लग्न ठरायच्या आधी मी बघितलं होतं तुझं काम. शेजारणीबरोबर गेले होते. स्पष्ट बोलायचीस. शेवटच्या रांगेत बसलेल्या मला सगळं कळलं. मला वाटलं होतं, आता घरातच बघायला मिळेल."

"मग तुम्ही कधी मला बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?" त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून घेतले आणि बऱ्याच वेळाने पाणी मागितलं.

मी त्यांना चमच्याने पाणी पाजलं. इतकी वर्षं मी त्यांना चहा देत होते, औषध देत होते, पाय चेपत होते, आणि मनातल्या मनात त्यांच्यावर दात खात होते. त्यांनी जेवणात खोड काढली की मला वाटायचं, हीच ती. आणि त्या तिकडे समजत होत्या की सुनेलाच हौस उरली नाही. दोघींमध्ये एक भिंत उभी करून तो माणूस रोज संध्याकाळी आरामात तालमी करत होता.

तो ऑफिसमधून आला, पाय धुतले. मी स्वयंपाकघरात त्याला विचारलं, "मी नाटकात काम केलेलं चालणार नाही, असं आई कधी म्हणाल्या होत्या?"

त्याला लगेच समजलं. "ते काय आता उकरून काढायचं?"

"कधी म्हणाल्या?"

"अगं, तेव्हा तसंच होतं सगळं. दोघंही स्टेजवर, मग घर कोण बघणार होतं? आणि नटीबद्दल लोक मागे काय काय बोलतात, तुला माहीत नाही. मी ऐकलंय."

"मग ते मला तोंडावर सांगायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"म्हणून," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन बाहेर गेला.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. मी भात लावला. पडवीत त्याचा आवाज येत होता, आईला विचारत होता, "बरं वाटतंय का आज?" पुढच्या पावसाळ्याआधी त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघी थोडंफार बोलायचो. मी कधी कधी काम करता करता एखादा जुना संवाद म्हणायचे आणि त्या हाताच्या बोटाने खाटेवर ठेका धरल्यासारखं करायच्या. तेवढंच.

वर्षश्राद्ध झालं आणि एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "नव्या नाटकात आईची भूमिका आहे. चांगली आहे. तू कर. आता हरकत घ्यायला कोणी नाही."

माझा घास हातात राहिला. गेलेल्या बाईच्या माथ्यावर त्याने तो नकार पुन्हा ठेवला होता, आणि ठेवताना त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हरकत तेव्हाही कोणाची नव्हती," मी म्हटलं. "मी करणार नाही."

"विचार कर."

"केला."

त्याने मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. पण मी त्या चेहऱ्यासमोर उभं राहून कामं केलेली आहेत. तो सुटल्यासारखा झाला होता, ते मला स्पष्ट दिसलं. आमटी पुढे ओढून तो नेहमीसारखा जेवायला लागला.

त्यानंतर मी बाजाराजवळ एका पिठाच्या गिरणीमागची खोली घेतली आणि मशीन तिकडे नेलं. त्याला सांगितलं, मंडळाचे कपडे मी शिवणार नाही. त्याला हे कपड्यांचं जास्त लागलं. "मग आम्ही काय करायचं?"

"भाड्याने आणा. गाड्या येतात की आता मुंबईहून."

खरंच मुंबईहून गाडीने पेटारे आले. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो माझ्या कामाचं कौतुक सांगत असे, "मीच तिला मशीन घेऊन दिलं ना लग्नानंतर," असंही सांगत असे. पण त्या पेटाऱ्यांबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. मी तिकीट काढून नाटकाला गेले, मागे बसले. फजिती होण्याची वाट बघायला गेले होते, हे खरं. भाड्याचे कपडे कुणाच्याच मापाचे नव्हते. राजाची बाही मनगटाच्या वर, जरीची चमक उडालेली, सेनापतीने हात उचलला तर काखेत अस्तर दिसलं. आता लोक हसतील, मी म्हटलं. कुणी हसलं नाही. नाटक रंगलं. माझ्या शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "कपडे काय भारी आहेत ना!"

त्या नाटकालाही बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला, बातमीत वेशभूषेच्या कौतुकाचं एक वाक्यही होतं. सकाळी त्याने तो अंक माझ्यापुढे धरला, मी वाचला आणि परत दिला. मुलगी शाळेचं दप्तर भरत होती. तिने फोटोकडे बघितलंही नाही. तिला नाटक आवडत नाही, कंटाळा येतो म्हणते. मी डबा भरला, तिला रिक्षात बसवलं आणि खोली उघडायला गेले. दारात नमनवाले येऊन थांबले होते, त्यांना दोन घागरे कमरेत सैल करून हवे होते.